लेप्टो आणि तुंबलेले शहर

जुलै 2018 मध्ये नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली गेले, वसई रोड ते विरार लोकल बंद पडली आणि वसई पूर्वेच्या मिठागर वस्तीत शेकडो माणसे अडकली. एनडीआरएफच्या होड्या आल्या, बातम्या झाल्या, पाणी ओसरले. पण अशा पाण्यातून वाट काढणाऱ्याच्या अंगात शिरलेला लेप्टोस्पायरा नावाचा जिवाणू साधारण पाच ते चौदा दिवस गप्प राहतो. त्याचा ताप चढतो तेव्हा रस्ते कोरडे झालेले असतात आणि डॉक्टरांना त्या पाण्याविषयी सांगायचेही रुग्णाच्या ध्यानात राहत नाही.

हा जिवाणू स्प्रिंगसारखा पिळदार. जाडी एका मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतकी, म्हणून साध्या सूक्ष्मदर्शकाखाली तो दिसतच नाही. काळ्या पार्श्वभूमीवर तिरका प्रकाश टाकून पाहावा लागतो. ई. कोलायसारखा जिवाणू अनुकूल परिस्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो. लेप्टोस्पायराला त्यासाठी कित्येक तास लागतात, प्रयोगशाळेत तो वाढवायचा तर आठवडे जातात. याच कुळातल्या काही जाती ओढ्या-तळ्यांत सडलेल्या पालापाचोळ्यावर जगतात आणि कोणाचे काही बिघडवत नाहीत.

रोग करणाऱ्या जातींचे खरे घर म्हणजे उंदीर-घुशींची मूत्रपिंडे. तिथे हे जिवाणू महिनोन्‌महिने राहतात, उंदराला फारसा त्रास होत नाही, आणि मूत्रावाटे ते सतत बाहेर पडत राहतात. गाई-म्हशी, डुकरे, कुत्री यांच्याकडूनही ते पसरतात. कोरड्या जागी ते लवकर मरतात, खारे पाणीही त्यांना मानवत नाही. ओली माती आणि साचलेले गोडे पाणी मिळाले तर मात्र कित्येक आठवडे टिकतात. माणूस त्यांच्या वाटेत चुकून येतो. पायाची भेग, खरचटलेली पोटरी, डोळ्यांत उडालेले पाणी एवढे त्यांना आत शिरायला पुरते. माणसाकडून माणसाला हा रोग सहसा होत नाही, त्यामुळे आपल्याला आजारी पाडून या जिवाणूच्या पदरात काहीच पडत नाही.

सुरुवातीला ताप, डोकेदुखी, पोटऱ्यांत असह्य दुखणे, लाल डोळे. डेंग्यू-मलेरियाच्या हंगामात हीच लक्षणे सहज चकवतात. काहींना पुढे कावीळ होते, मूत्रपिंडे निकामी होतात, फुप्फुसांत रक्तस्राव होतो. या तीव्र रूपाचे वर्णन जर्मन डॉक्टर अडॉल्फ वाइल यांनी 1886 मध्ये केले. त्यामागचा जिवाणू पहिल्या महायुद्धाच्या काळात जपानमध्ये इनादा आणि इदो यांनी शोधला. पेनिसिलिन आणि डॉक्सिसायक्लिन त्याच्यावर आजही चालतात, पण वेळेवर दिली तरच. रक्तातली प्रतिपिंडे दिसायला आठवडाभर लागतो, म्हणून दाट संशय असेल तर रिपोर्टची वाट न पाहता उपचार सुरू करावे लागतात.

महाराष्ट्राने हे किंमत मोजून शिकले आहे. 26 जुलै 2005 च्या पुरानंतर मुंबईत या रोगाची, म्हणजे ‘लेप्टो’ची, साथ आली. 2015 च्या पावसाळ्यात दहिसर, कांदिवली या उपनगरांत त्याने बळी घेतले. पुराच्या पाण्यातून गेलेल्यांनी 72 तासांच्या आत डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळ्या घ्याव्यात, असे आवाहन मुंबई महापालिका करते. हे आवश्यकच आहे. फक्त ही सगळी खटपट साखळीच्या शेवटच्या कडीवर चालते. गमबूट घाला, पाण्यात उतरू नका हा सल्लाही असाच. नालासोपारा पूर्वेच्या चाळीतून सकाळची चर्चगेट लोकल गाठणाऱ्या बाईला पाण्यात न उतरण्याची मुभा नसते.

आधीच्या कड्या वसईच्या भूगोलात आहेत. दक्षिणेला खाडी, उत्तरेला वैतरणा, पश्चिमेला समुद्र, पूर्वेला तुंगारेश्वरचे डोंगर; मधला सखल भाग पाणी सामावून घेणाऱ्या मिठागरांचा, भातखाचरांचा आणि वाड्यांतल्या बावखळांचा, म्हणजे छोट्या तळ्यांचा. 2009 मध्ये चार नगरपरिषदा आणि आसपासची गावे मिळून वसई-विरार महापालिका झाली, 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या बारा लाखांवर गेली. भराव पडत गेले, बावखळे बुजली, नाले अरुंद झाले. त्यात उघडा कचरा आणि त्यावर पोसलेले उंदीर. पाणी पूर्वीही साचत असे, पण त्याच्या ठरलेल्या जागी. आता ते लोकांच्या चालण्याच्या वाटेवर साचते.

म्हणून लेप्टोला ‘पावसाळी आजार’ म्हणून आरोग्य विभागाच्या गळ्यात बांधणे सोयीचे असले तरी अपुरे आहे. 2018 च्या पुरानंतर महापालिकेने नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था आणि आयआयटी यांच्या तज्ज्ञांकडून पाहणी करून घेतली. त्यातून पावसाचे पाणी साठवणाऱ्या धारण तलावांची शिफारस पुढे आली. तिच्याकडे आजवर पूरनियंत्रणाचे काम म्हणूनच पाहिले गेले. बांधकाम परवानगी देताना, भरावाला मंजुरी देताना, कचऱ्याचा ठेका ठरवताना त्या भागातल्या लेप्टोच्या रुग्णांचा नकाशा नगररचना अधिकाऱ्यासमोर असायला हवा, आणि तो तयार करण्याइतकी माहिती दर पावसाळ्यात दवाखान्यांच्या नोंदवह्यांत जमत असते.