क्षेत्र कोणाचं, जाणता कोण?

ऑफिस सुटल्यावर माणसं एका सभागृहात जमतात, लॅपटॉप उघडतात आणि कधीही न पाहिलेल्या गावातली घरं शोधू लागतात. लंडनमध्ये 'मिसिंग मॅप्स'ची अशी मॅपॅथॉन दर महिन्याला भरत आली आहे. ब्रिटिश आणि अमेरिकन रेड क्रॉस, 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' आणि 'ह्युमॅनिटेरियन ओपनस्ट्रीटमॅप टीम' यांनी मदतकार्याला लागणारे नकाशे काढण्यासाठी २०१४मध्ये हा उपक्रम उभा केला.

पडद्यावर उपग्रहाने टिपलेला जमिनीचा एक चौकोन येतो. तपकिरी माती, पायवाटांच्या फिक्या रेघा, मधेच एक गोल ठिपका. हे गवताने शाकारलेलं खोपट की झाडाचा घेर? सावली कोणत्या बाजूला पडली आहे ते बघायचं, कड किती रेखीव आहे ते बघायचं. मग कडेकडेने चार-पाच क्लिक करून 'ओ' दाबलं, की वेडावाकडा आकार नीट वर्तुळ होतो. नकाशात एक घर वाढलं. त्या घरात चूल कोण पेटवतं, हे काढणाऱ्याला कधीच कळणार नसतं.

मग या काढण्याला जाणणं म्हणायचं का?

गीतेच्या तेराव्या अध्यायात शरीर हे क्षेत्र, म्हणजे शेत, आणि ते जाणणारा क्षेत्रज्ञ. त्या अध्यायावर लिहिताना ज्ञानेश्वरांनी आधी या क्षेत्राच्या मालकीचं भांडण सविस्तर मांडलं आहे. कोणी म्हणतो, शेत जीवाचं आणि प्राण त्याचं कूळ. कोणी ते प्रकृतीचं ठरवतो, कोणी काळाचं. जाणण्याचा प्रश्न मालकीच्या प्रश्नापासून सुटा करता येत नाही, असं शेतकऱ्याच्या बोलीतलं हे भांडण वाचताना वाटतं. नकाशाला तर तो प्रश्न अगदी शब्दशः लागू पडतो. १८०२मध्ये विल्यम लॅम्बटनने मद्रासपासून हिंदुस्थानची त्रिकोणमितीय मोजणी सुरू केली. ती करत करतच १८२३मध्ये आपल्या हिंगणघाटला त्याचा अंत झाला. मोजणी अचूक होती, पण ती कंपनी सरकारसाठी होती. ज्यांची जमीन, त्यांचं मत विचारायचा प्रश्नच नव्हता.

मॅपॅथॉनमध्येही घर काढण्यापूर्वी घरमालकाला कोणी विचारलेलं नसतं. ही अडचण खरी आहे, आणि हेतू चांगला आहे एवढ्याने ती मिटत नाही. पण दुसरी बाजूही तितकीच खरी. २०१०मध्ये हैतीत पटकी पसरली, तेव्हा रुग्ण आपल्या वस्तीचं नाव सांगत आणि ते नाव डॉक्टरांच्या नकाशात सापडत नसे. साथ कुठून येते आहे, हे कळायचं कसं? जाणता समोर खाटेवर होता, त्याचं जाणणं कागदावर नव्हतं.

म्हणून या कामातली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे एक रिकामा रकाना. लंडनमध्ये बसलेला माणूस घर काढतो, रस्ता काढतो; नावाची जागा मात्र कोरी सोडतो. ते नाव भरण्याचा अधिकार तिथे राहणाऱ्याचा. काँगोतल्या लुबुंबाशी शहरात स्थानिक माणसं नकाशे हातात घेऊन गल्लोगल्ली फिरली, नावं विचारत. एकाच जागेला दोन नावं निघाली तर ही घरं ज्यात भरली जातात त्या ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशात दोन्हींना जागा असते: जुनं नाव, पर्यायी नाव, दुसऱ्या भाषेतलं नाव. वरून पाहणाऱ्याला यातलं एकही दिसलं नसतं. घराच्या दारात उभं राहून कोणीतरी विचारावं लागतं, आणि आतून कोणीतरी सांगावं लागतं.