सांघिक खेळ आणि कार्यालयातील संवादाची रचना

कार्यालयातील संवाद बिघडला की त्याचे खापर बहुधा कर्मचाऱ्यांच्या स्वभावावर फोडले जाते, आणि माणसे एकमेकांच्या जवळ यावीत म्हणून व्यवस्थापन त्यांना वर्षातून एखादा दिवस सहलीला नेऊन रस्सीखेच किंवा अंताक्षरी खेळायला लावते. अशा खेळांनी ओळख वाढते, हे मान्य केले तरी सोमवारी अडलेली फाइल मंगळवारीही अडलेलीच राहते; कारण संवादाचे बरेच दोष स्वभावापेक्षा रचनेत, म्हणजे कोणी कोणाशी बोलायचे आणि कोणती माहिती कोणापर्यंत पोहोचायची याच्या ठरलेल्या वाटांत, दडलेले असतात. ही रचना उघडी करून दाखवणे, हे सांघिक खेळाचे खरे सामर्थ्य होय.

रचनेचा हा प्रभाव हॅरोल्ड लेविट यांनी १९५१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात स्पष्ट दिसतो. पाच जणांच्या गटातील प्रत्येकाला काही चिन्हे असलेले कार्ड देऊन सर्वांत समान असलेले चिन्ह केवळ चिठ्ठ्यांच्या साहाय्याने शोधायला सांगण्यात आले; मात्र चिठ्ठ्या कोणाला पाठवता येतील, हे गटागटांत वेगळे होते. ज्या रचनेत सर्व निरोप मध्यस्थानी बसलेल्या एकाकडेच जात, त्या ‘चक्र’ रचनेत चुका कमी झाल्या, परंतु कडेची माणसे असमाधानी राहिली. उलट, प्रत्येकाला दोन्ही शेजाऱ्यांना चिठ्ठी पाठवता येणाऱ्या ‘वर्तुळ’ रचनेत निरोप आणि चुका दोन्ही वाढूनही काम करणाऱ्यांना त्या कामात अधिक गोडी वाटली. माणसांची वागणूक त्यांना मिळालेल्या जागेवर किती अवलंबून असते, हे यातून कळते.

याहून बोलका दाखला एमआयटी या अमेरिकी संस्थेत १९६०च्या सुमारास आकाराला आलेल्या ‘बिअर गेम’चा आहे. किरकोळ विक्रेता, घाऊक विक्रेता, वितरक आणि कारखाना अशा चार भूमिका घेतलेले खेळाडू एकमेकांशी न बोलता फक्त मागणीच्या चिठ्ठ्या पुढे सरकवतात, आणि मागणी व माल दोन्ही पोहोचायला काही आठवडे लागतात. ग्राहकाची मागणी एकदाच चार पेट्यांवरून आठवर जाते आणि पुढे तेथेच स्थिर राहते. तरीही प्रथम तुटवडा, मग घाबरून केलेली जादा मागणी आणि शेवटी पडून राहिलेल्या मालाचे ढीग, असा क्रम जवळजवळ प्रत्येक डावात घडतो. ग्राहकापासून दूर जावे तसे मागणीतील चढउतार वाढत जाण्याच्या या प्रकाराला ‘बुलव्हिप परिणाम’ म्हणतात. जॉन स्टर्मन यांनी १९८९ साली मांडलेल्या विश्लेषणात खेळाडूंचा सरासरी खर्च किमान शक्य खर्चाच्या सुमारे दहापट आढळला. डाव संपल्यावर ग्राहकाची मागणी कशी असावी याचा आलेख काढायला सांगितला की खेळाडू मोठमोठे चढउतार रेखाटतात. प्रत्यक्षातील जवळजवळ सपाट रेषा पाहिल्यावर मात्र शेजारच्याला दोष देणे अवघड होते.

शिक्षण घडते ते या अखेरच्या टप्प्यात, खेळानंतरच्या चर्चेत. आणि ती चर्चा मोकळी होण्यासाठी एमी एडमंडसन यांनी १९९९ साली मांडलेली ‘मानसिक सुरक्षितता’, म्हणजे प्रश्न विचारल्याने किंवा चूक कबूल केल्याने आपली मानहानी होणार नाही असा गटातील सामाईक विश्वास, आवश्यक असते. हुद्द्याचे असे दडपण नसलेल्या संवादाचा नमुना खो-खोत दिसतो: तेथे खो पाठीमागून, स्पर्शासह आणि स्पष्ट ऐकू येईल असा द्यावा लागतो, आणि तो मिळताच बसलेल्याला उठावेच लागते, मग खो देणारा संघात कितीही कनिष्ठ असो. निरोपाचे वजन तेथे हुद्द्यावरून ठरत नाही. कार्यालयात ते ठरते, म्हणूनच साहेबांनी खेळात आणि चर्चेत इतरांच्या बरोबरीने बसणे, आणि शक्यतो शेवटी बोलणे, उचित ठरते.

यावरून सांघिक खेळ निवडणाऱ्यांसाठी तीन कसोट्या निघतात: खेळातील अडचण कामातील अडचणीशी जुळणारी असावी, चर्चेला खेळाइतकाच वेळ मिळावा आणि दिसलेला दोष दूर करण्यासाठी अहवालाची वाट, बैठकीची पद्धत किंवा निर्णयाचा अधिकार यांपैकी एक तरी गोष्ट प्रत्यक्ष बदलावी. ही तिसरी कसोटी पाळण्याची तयारी नसलेल्या व्यवस्थापनाने सहल जरूर काढावी, पण तिला प्रशिक्षण म्हणू नये.