शेत कुणाचं, नाक कुणाचं?



आजचं वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १३ वा, सुरुवातीचे सहा-सात श्लोक.

या अध्यायात भगवंत शरीराला ‘क्षेत्र’ म्हणतात. क्षेत्र म्हणजे शेत. आणि या शेताला आतून जाणणारा जो आहे, तो क्षेत्रज्ञ. आम्हा हडपसरकरांना हा शब्द समजायला टीका वाचावी लागत नाही. मगरपट्टा सिटी आज जिथे उभी आहे, ती सुमारे ४०० एकर जमीन काही वर्षांपूर्वीपर्यंत शेतीच होती. शेतकऱ्यांनीच एकत्र येऊन ती वसवली. शेताचं रूप किती बदलू शकतं, हे आम्ही रोज ऑफिसला जाताना बघतो.

पण आज हा अध्याय उघडला तो एका भांडणामुळे. आमच्या घरातल्याच.

माझी धाकटी बहीण २७ वर्षांची आहे. गेल्या दीड वर्षात तिचे चार बघण्याचे कार्यक्रम झाले. चौथ्या वेळी पोहे संपले, चहा संपला, आणि मुलाच्या आत्या उठताना अगदी सहज म्हणाल्या, “फोटोत नाक जरा वेगळं वाटत होतं, नाही?” बस्स, एवढंच. दोन दिवसांनी नकार आला. कारण सांगितलं पत्रिकेचं.

महिन्याभराने रात्री भांडी आवरताना ती म्हणाली, “ताई, मी नाकाला फिलर करून घेतेय. शनिवारी. एका पार्लरवालीने नऊ हजार सांगितलेत. वीस मिनिटांचं काम आहे. ऑपरेशन नाही, काही नाही, नुसतं इंजेक्शन.”

मी काय केलं असेल? रोज सकाळी गीता वाचणाऱ्या माणसाने जे करू नये, तेच केलं. हातातलं पातेलं खाली ठेवलं आणि प्रवचन सुरू केलं. देह नश्वर आहे, माती आहे, आज ना उद्या जाणारच, तुला एवढंही कळत नाही का, वगैरे वगैरे.

ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, “तू दर तीन आठवड्यांनी केसांना रंग लावतेस ना ताई, तो आत्म्याला लावतेस का?”

मला हसूही आलं नाही आणि रागही आला नाही. पुढचं वाक्य मात्र लागलं. “नश्वर म्हणणं तुला सोपं आहे. तुला कुणी बघून परत नाही गेलं.”

त्या रात्री झोप लागली नाही. प्रश्न सरळ होता. देवाने दिलेला चेहरा बदलणं चूक आहे का? आणि चूक असेल, तर नेमकी कशामुळे?

शोधत गेले, तर उत्तर पहिल्यांदा भेटलं आपल्याच पुण्यात. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ या मासिकात एका माणसाच्या चित्रासह एक पत्र छापलं गेलं. माणसाचं नाव कावसजी. पत्रात त्याला शेतकरी जातीतला मराठा म्हटलं आहे. इंग्रजांच्या सैन्यात तो बैल हाकायचा. १७९२ च्या लढाईत टिपू सुलतानाच्या कैदेत सापडला, आणि तिथे त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. साधारण वर्षभर तो बिननाकाचा राहिला. नंतर पुण्याजवळच्या, विटा बनवणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याला नवं नाक बसवलं. कंपनी सरकारच्या डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया डोळ्यांनी पाहिली. जेम्स वेल्स या चित्रकाराने त्याचं चित्र काढलं.

पद्धत वाचून थक्क व्हायला होतं. मेणाचं पातळ नाक करून ते तुटक्या नाकावर बसवून बघायचं. मग तेच मेण सपाट करून कपाळावर ठेवायचं आणि कडेने रेघ मारायची. तेवढी कातडी सोडवायची, पण दोन डोळ्यांच्या मधे तिचा एक देठ जोडलेला ठेवायचा, म्हणजे रक्त मिळत राहतं. मग ती कातडी फिरवून खाली नाकावर आणायची. टाका नाही. कात पाण्यात भिजवून कापडाच्या पट्ट्यांना लावायचा आणि त्या सांध्यावर ठेवायच्या. चार दिवसांनी त्या काढून तुपाच्या पट्ट्या. पाच-सहा दिवस उताणं पडून राहायचं. साधारण पंचविसाव्या दिवशी तो देठ कापायचा. हे वाचून लंडनमध्ये जोसेफ कार्प्यू नावाच्या सर्जनने आधी मृतदेहांवर सराव केला आणि १८१४ मध्ये तशीच शस्त्रक्रिया करून दाखवली. कपाळाची कातडी घेऊन नाक बनवायच्या रीतीला जगभरचे सर्जन आजही ‘भारतीय पद्धत’ म्हणून ओळखतात. नाक जोडण्याचं वर्णन सुश्रुतसंहितेत त्याच्याही कितीतरी आधीपासून आहे.

तो विटा बनवणारा माणूस कोण होता, त्याचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही. पण त्याने कावसजीला “अरे, देह नश्वर आहे, बिननाकाचा राहा” असं सांगितलं नाही. आपल्या भाषेत नाक कापलं जाणं म्हणजे अब्रू जाणं. त्या माणसाने कावसजीला चारचौघांत उभं राहता येईल असं केलं. याला मी तरी पुण्यच म्हणेन. जळालेल्या चेहऱ्यांवर, दुभंगलेल्या ओठांवर, कुष्ठरोगाने वाकड्या झालेल्या बोटांवर जे प्लास्टिक सर्जन काम करतात, ते त्याच नाव नसलेल्या माणसाचे वारसदार.

दुसरं उत्तर भागवतात आहे, दशम स्कंधात. कृष्ण मथुरेत येतो तेव्हा रस्त्यात त्याला कुब्जा भेटते. तीन ठिकाणी वाकलेली, कंसासाठी चंदन घेऊन निघालेली. ती ते चंदन कृष्णाला देते. मग तो तिच्या पायावर पाय ठेवतो, हनुवटीला दोन बोटं लावतो आणि तिला वर उचलून सरळ करतो. म्हणजे खुद्द भगवंताने शरीर बदललं! पण क्रम बघा. एखाद्या सुंदर स्त्रीला मारावी तशी हाक तो तिला आधीच मारतो, ती वाकलेली असतानाच. तिचं चंदनही ती वाकलेली असतानाच अंगाला लावून घेतो. सरळ करणं त्यानंतर. स्वीकार आधी, दुरुस्ती नंतर. आमच्या घरी आलेल्या पाहुण्यांचा क्रम नेमका उलटा होता.

म्हणजे शरीराला हात लावणं हेच पाप, असं म्हणायला मला आधार सापडला नाही. शेताचं म्हणाल तर बांध घालतात, सपाटीकरण करतात, दगड वेचतात. त्यात शेताचा अपमान नाही. मग मला खुपत काय होतं?

ते कळलं डॉक्टरकडे गेल्यावर.

पार्लरचा शनिवार मी हातापाया पडून रद्द करायला लावला आणि तिला एका प्लास्टिक सर्जनकडे नेलं. डॉक्टर बाईंनी आधी फिलर, बोटॉक्स आणि ऑपरेशन यातला फरक समजावून सांगितला. तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या मनात हे चालू असणार, म्हणून थोडक्यात लिहिते.

बोटॉक्स हे एका जिवाणूच्या विषापासून बनवलेलं औषध आहे, अगदी सूक्ष्म प्रमाणात दिलं जाणारं. नसेचा निरोप स्नायूपर्यंत पोचू देत नाही, त्यामुळे स्नायू सैल पडतो आणि त्याच्यावरची सुरकुती कमी दिसते. परिणाम काही दिवसांत दिसतो आणि साधारण तीन-चार महिन्यांत ओसरतो. गंमत म्हणजे हे औषध आधी आलं ते तिरळेपणा आणि पापण्या आपोआप मिटण्याच्या आजारासाठी. सुरकुत्या नंतर.

फिलर वेगळं. त्यात बहुतेक वेळा हायलुरोनिक ॲसिडचं जेल असतं, आपल्या त्वचेतही असणारा पदार्थ. तो खोलगट जागा भरतो, ओठ किंवा गाल उठावदार करतो. सहा महिने ते दीड वर्ष टिकतो. नको झाला तर विरघळवणारं इंजेक्शनही असतं. पण तो चुकून रक्तवाहिनीत गेला तर तिथली कातडी मरू शकते, आणि क्वचित दृष्टीही जाते. नाक आणि भुवयांच्या मधली जागा यात सगळ्यात धोक्याची. “वीस मिनिटांचं काम आहे हे खरं,” डॉक्टर बाई म्हणाल्या, “पण एकविसाव्या मिनिटाला काय करायचं, हे पार्लरवालीला माहीत आहे का?”

ऑपरेशन म्हणजे हाड आणि कूर्चा यांनाच आकार देणं. भूल द्यावी लागते. सूज बरीचशी काही आठवड्यांत उतरते, पण अंतिम आकार स्थिरावायला वर्षभर लागू शकतं. आणि गोरं करणाऱ्या सलाईनबद्दल बहिणीने विचारलं, तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, “ती मी देतच नाही.”

मग त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, “हे नाक आधी कुणाला दिसलं? तुला, की दुसऱ्या कुणाला?”

माझी बहीण बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “अकरावीत असताना. शेजारच्या काकूंना.”

“त्याआधी?”

“त्याआधी ते नुसतं नाक होतं.”

“बरं. आपण बदललं, छान झालं, आणि तरीही पुढच्या स्थळाने नाही म्हटलं, तर?”

तिने माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. खरं सांगू का, माझ्याही.

“तीन महिन्यांनी ये,” डॉक्टर बाई म्हणाल्या. “तेव्हाही तुला स्वतःला हवं असेल तर आपण बोलू. नको वाटलं तर फोन करायचीही गरज नाही.”

घरी येऊन तेरावा अध्याय पुन्हा वाचला, आणि जे इतकी वर्षं नुसतं म्हणत आले होते ते पहिल्यांदा नीट दिसलं. भगवंत या शेतात काय काय आहे याची यादी देतात. त्यात पंचमहाभूतं आहेत, इंद्रियं आहेत. पण त्याच यादीत इच्छा आहे, द्वेष आहे, सुख आहे, दुःखही आहे. म्हणजे नाक हे जसं शेत, तशी नाक बदलायची इच्छाही शेतच. नकाराचं दुःखही शेतच. आणि बहिणीला ‘नश्वर’ म्हणून झिडकारताना माझ्या मनात जी तुच्छता होती, तीही याच शेतात उगवलेली. मी मात्र ती अध्यात्म म्हणून मिरवत होते.

क्षेत्रज्ञ हे सगळं बघतो. इच्छा उठली की लगेच तिच्यामागे धावत नाही आणि तिला दगडही मारत नाही. आधी ओळखतो : ही कुठून आली? मी पेरली, की बांधावरून जाणाऱ्याने मूठभर बी फेकलं आणि मी दहा वर्षं त्याला पाणी घातलं?

चूक काय ते मला इथे सापडलं. सुईत नाही, सुरीत नाही. शेत माझं आणि निर्णय वाटसरूचा, यात आहे. वाटसरू बदलत राहतो. आज आत्याबाईंना नाक खुपलं, उद्या दुसऱ्या कुणाला रंग खुपेल, परवा वजन. त्यांच्यासाठी नांगरायला बसलो तर पेरणी कधी करायची? कावसजीच्या वेळी जखम त्याची होती आणि गरजही त्याची. ती कुणाला सांगून समजवावी लागत नव्हती. आपल्या बाबतीत जखम नेमकी कुठे आहे, हे शोधावं लागतं. ती नाकावर नसेल, तर नाकावर केलेला उपाय तिथवर पोचणार कसा?

आणि याची दुसरी बाजूही तितकीच खरी. एखाद्याने शांतपणे, नीट माहिती घेऊन, योग्य डॉक्टरकडे जाऊन स्वतःसाठी काही करून घेतलं, तर त्याच्या भक्तीचं माप काढायला आपण कोण? तेव्हा ‘देह नश्वर’ म्हणणारे आपणही बांधावरचे वाटसरूच. दरवर्षी माउलींची आणि तुकोबांची पालखी हडपसरला येते आणि इथून वाटा वेगळ्या होतात. एक सासवडकडे, दिवेघाटातून. दुसरी लोणी काळभोरकडे. गाडीतळावर उभं राहून कुणी म्हणत नाही की तुमची वाट चुकली. विचारायचं एवढंच असतं, की पाय कुणाच्या ओढीने पडतायत.

तीन महिने अजून पुरे व्हायचेत. बहिणीने काही ठरवलेलं नाही. परवा ती मला म्हणाली, “ताई, मी केलं तर तू सोबत येशील?” मी म्हटलं, “केलंस तरी येईन, नाही केलंस तरी तुझ्यासोबतच आहे.” पुढच्या बघण्याच्या कार्यक्रमाला आईने मात्र एक अट घातली आहे : फोटोला फिल्टर नाही लावायचा. आणि फोटो काढणाऱ्या ताईनेही स्वतःच्या फोटोंना लावायचा नाही. ही दुसरी अट माझ्यासाठी होती, हे तुम्हाला कळलंच असेल.

आजचा संकल्प : आज आरशात बघताना चेहऱ्यावरची जी गोष्ट खुपेल, तिच्याबद्दल स्वतःला एकदा विचारा : ही आधी कुणाला दिसली होती? आणि आज दिवसभरात कुणाच्याही रूपाबद्दल, सहज म्हणूनसुद्धा, एकही शब्द बोलू नका. आपण सहज टाकलेलं बी कुणाच्या शेतात दहा वर्षं उगवत राहील, सांगता येत नाही.

प्रार्थना : पांडुरंगा, हे शेत तू दिलंस. ते राखायची बुद्धी दे, बदलावंसं वाटलं तर ते कशासाठी हे ओळखायचं धैर्य दे, आणि दुसऱ्याच्या शेतावरून जाताना माझी मूठ रिकामी राहू दे.

राम कृष्ण हरी!