बिनपंखी भुंगेऱ्याचा पत्ता

पावसाळ्यात दिव्याभोवती जे किडे जमतात त्यांत मुंगीसारखा लांबट, केशरी-काळा एक किडा असतो. मानेवर बसला म्हणून झटकताना तो चिरडला, की एक-दोन दिवसांत भाजल्यासारखा पट्टा उठतो. वसतिगृहातली मुले त्याला ‘ॲसिड फ्लाय’ म्हणतात. ती माशी नव्हे आणि ते ॲसिडही नव्हे. तो पेडेरस नावाचा भुंगेरा आहे, आणि पट्टा उठवणारे पेडेरिन हे विष त्याच्या शरीरात वस्तीला असलेले जिवाणू तयार करतात. त्याचे कुल स्टॅफिलिनिडी, म्हणजे रोव्ह भुंगेऱ्यांचे. जगातल्या सगळ्या सस्तन प्राण्यांच्या जाती मोजल्या तर साडेसहा हजारांच्या आसपास भरतात. या एका कुलात नाव मिळालेल्या जातीच ६०,०००हून जास्त आहेत.

आपली या कुलाशी ओळख झाली ती तो उडत दिव्याशी आला म्हणून. पण याच कुलातल्या कितीतरी जाती उडत नाहीत. त्या दिव्याशी येत नाहीत, संशोधकांच्या प्रकाशसापळ्यातही सापडत नाहीत. त्यांच्याकडे आपणच जावे लागते, तेही गुडघे टेकून. जंगलातला ओला पाचोळा, शेवाळ, दगडाखालची माती चाळणीने चाळायची. चाळलेला भुगा जाळीत भरून कापडी पिशवीत टांगायचा. तो वाळू लागला की आतले जीव बाहेर पडून हालचाल करू लागतात आणि खालच्या अल्कोहोलच्या बाटलीत पडतात. दिवसभर चाळून हाती काय, तर चार-पाच मिलिमीटरचे दोन-तीन तपकिरी दोरे. ‘नव्या प्रजातीचा शोध’ अशी बातमी येते तेव्हा तिच्या मागे बहुधा असा एक दिवस आणि त्यानंतरची काही वर्षे असतात. (शाळेच्या पुस्तकाप्रमाणे ती ‘जाती’ असते, प्रजाती ही तिच्या वरची पायरी. वर्तमानपत्रांनी हा घोळ कायमचा करून ठेवला आहे.)

माझे म्हणणे असे, की बिनपंखी भुंगेऱ्याचे वर्णन करणे म्हणजे प्राण्याइतकेच एका जागेचे वर्णन करणे आहे. वर्णन लिहिणारे पहिले काम चोख करतात आणि दुसरे एका ओळीत उरकतात.

आधी पंखांविषयी. रोव्ह भुंगेऱ्याचे पुढचे पंख म्हणजे दोन आखूड कडक झाकणे, बंडी घातल्यासारखी. पोट उघडेच राहते. उडायचे मागचे पंख लांबरुंद असतात आणि त्या चिमुकल्या झाकणांखाली ते घडी घालून ठेवावे लागतात. २०१४ साली जपानी संशोधकांनी वेगवान कॅमेऱ्याने ही घडी टिपली. डाव्या आणि उजव्या पंखाची घडी वेगवेगळी पडते आणि ती बसवायला भुंगेरा पोटाची मदत घेतो. इतकी कारागिरी साधल्यावर ती टाकून का द्यायची?

डार्विनने याचे उत्तर मदेइरा बेटांवरून दिले होते. थॉमस व्हर्नन वॉलॅस्टन क्षयाने आजारी होता, हवापालटासाठी तो तिथे गेला आणि भुंगेरे गोळा करत बसला. त्याची गणना डार्विनने १८५९च्या ग्रंथात वापरली: ५५० जातींपैकी २०० उडू न शकणाऱ्या, आणि फक्त त्या बेटांवरच आढळणाऱ्या २९ प्रजातींपैकी २३ सगळ्याच्या सगळ्या तशा. जे उडाले ते वाऱ्याने समुद्रात गेले, जे आळशी ते उरले, हा डार्विनचा तर्क. गंमत म्हणजे ज्याच्या भुंगेऱ्यांवर हा तर्क उभा राहिला त्या वॉलॅस्टनने पुढच्याच वर्षी ग्रंथाचे प्रतिकूल परीक्षण लिहिले.

तर्कही पुरता टिकला नाही. डेरेक रॉफ यांनी १९९० साली दाखवून दिले की बेटांवर बिनपंखी कीटकांचे प्रमाण मुख्य भूमीपेक्षा सरसकट जास्त नाही. ते जास्त असते जिथे अधिवास दीर्घकाळ स्थिर असतो तिथे. २०२० साली दक्षिण महासागरातल्या बेटांच्या अभ्यासाने वाऱ्याची बाजूही काही प्रमाणात सावरली. पण जुन्या डोंगरी जंगलाला रॉफ यांचेच उत्तर लागू पडते. तळे आटणार असेल, शेणाचा पो वाळणार असेल, तर पंख हवेत. पाचोळा हजारो वर्षे तसाच ओला राहत असेल तर पंख आणि त्यांचे स्नायू पोसणे हा निव्वळ खर्च असतो. तोच ऐवज अंड्यांकडे वळतो. मराठीत आपण ‘पंखहीन’ म्हणतो आणि त्या ‘हीन’मुळे उगाच कीव येते. ती येऊ नये म्हणून मी बिनपंखी म्हणतो. पंख नसणे हा त्या जागेवर टाकलेला विश्वास आहे.

आता वर्णनाचे काम. पंख नाहीत एवढ्यावरून नवी जाती होत नाही. काही जातींत एकाच ठिकाणी पंखवाले आणि बिनपंखी दोन्ही सापडतात. म्हणून खुणा एकमेकींशी ताडून पाहाव्या लागतात. झाकणे छातीच्या ढालीपेक्षा आखूड झाली आहेत का, त्यांचे खांदे उतरले आहेत का, हे बघायचे. पोटाच्या सातव्या खंडाच्या मागच्या कडेला पंखवाल्यांत एक बारीक पांढरी झालर असते. पंख जाऊन पुष्कळ काळ लोटला की बहुधा तीही जाते. मला ही झालर फार बोलकी वाटते.

मात्र याच खुणा फसवतातही. वेगवेगळ्या घराण्यांनी आपापले पंख स्वतंत्रपणे टाकले, तरी सगळे सारखेच दिसू लागतात. शेवटी निवाडा होतो नराच्या जननेंद्रियावर. पोटाचे टोक मऊ करून ते बाहेर काढायचे, सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे चित्र काढायचे आणि जवळच्या प्रत्येक ज्ञात जातीशी ताडून पाहायचे.

चीनमधल्या लॅथ्रोबियम या प्रजातीचे उदाहरण घ्या. गेल्या काही दशकांत तिथल्या डोंगरांतून तिच्या बिनपंखी जाती मोठ्या संख्येने वर्णिल्या गेल्या. शांघाय नॉर्मल विद्यापीठातले संशोधक आणि जर्मनीचे फोल्कर आसिंग यांचे हे काम. पुष्कळ जाती एकेका डोंगरापुरत्या किंवा रांगेपुरत्या. मधली दरी माणसाला दोन तासांची. त्या भुंगेऱ्याला ती समुद्रच. अशा वेळी नाव हे जातीचे राहत नाही, ते सातबाऱ्यासारखे होते.

प्राणिनामकरणाची आंतरराष्ट्रीय संहिता मागते काय? नवी जाती इतरांपासून वेगळी कशी ते शब्दांत सांगा आणि नावाशी कायमचा बांधलेला एक नमुना, म्हणजे होलोटाइप, ठरवा. तो खातो काय, जगतो कसा, पाचोळा कोणत्या झाडांचा होता, हे ती विचारत नाही. म्हणून जननेंद्रियाला दोन परिच्छेद मिळतात आणि जंगलाला ‘पाचोळ्यातून चाळून, उंची अमुक मीटर’ एवढेच. उडणाऱ्याच्या बाबतीत हे चालून जाईल. ज्याला दुसरी जागाच नाही त्याच्या बाबतीत मला ते अर्धे वर्णन वाटते. झाडे कोणती, पाचोळ्याचा थर किती, ओल कुठल्या महिन्यापर्यंत टिकते, शेजारच्या डोंगरावर शोधले का आणि सापडला नाही का, हे लिहायला शाईखेरीज फारसे काही लागत नाही.

डीएनए आल्यावर हा खटाटोप कशाला, असे कोणी म्हणेल. डीएनए वेगळेपण दाखवतो, पण बिनपंखी जीवांत तो जरा जास्तच दाखवतो. डोंगराडोंगरावर अडकलेल्या समूहांत फरक साचतच जातात. प्रत्येक फरकाला नाव दिले तर जाती आणि वस्ती यांतला भेद उरणार नाही. मी तिथे सावधपणाच्या बाजूने आहे: फरक नोंदवा, नाव थांबवा.

आपल्याकडे या कुलाचा मोठा पाया घातला ब्रिटिश नौदलातले डॉक्टर माल्कम कॅमेरॉन यांनी. डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेत त्यांनी काम केले आणि १९३० ते १९३९ या काळात ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’चे रोव्ह भुंगेऱ्यांवरचे खंड लिहिले. त्यांचा संग्रह लंडनला आहे. २००२च्या जैवविविधता कायद्याच्या ३९व्या कलमानुसार आज भारतात सापडलेल्या नव्या जातीचा नमुना देशातल्या अधिकृत संग्रहात ठेवणे बंधनकारक आहे, आणि ते योग्यच आहे. पण त्यामुळे सह्याद्रीतला नवा भुंगेरा इथे आणि ज्याच्याशी तो ताडायचा तो जुना तिथे, अशी विभागणी होते. दोन्हीकडच्या नमुन्यांची उत्तम छायाचित्रे सर्वांना खुली करणे हा त्यावरचा स्वस्त उपाय आहे.

उशिराची किंमत तर आहेच. नमुना गोळा झाल्यापासून वर्णन छापून येईपर्यंत सरासरी २१ वर्षे जातात, असा हिशेब २०१२ साली फ्रेंच संशोधकांनी मांडला होता. सगळ्यात लांबलेल्यांपैकी एक उदाहरण याच कुलातले आहे. १८३२ साली डार्विनने अर्जेंटिनातल्या बाहिया ब्लांकाला एक रोव्ह भुंगेरा पकडला. लंडनच्या संग्रहालयात तो हरवल्यासारखाच होता. स्टायलियानोस हात्झिमानोलिस यांनी त्याला डार्विनिलस सेडारिसी हे नाव दिले ते २०१४च्या १२ फेब्रुवारीला, डार्विनच्या वाढदिवशी. तोवर त्या भागातल्या बऱ्याच जमिनीवर शेती आली होती. वर्णनात नमुने दोनच आहेत: एक डार्विनचा, दुसरा रिओ क्वार्तोचा, १९३५च्या आधीचा.