गुमान आणि गंमत

एक निरपराध बाई विषाने मेली आहे आणि वाचक गालातल्या गालात हसतो आहे. एका निर्दोष जिवाची हत्या साऱ्या मानवजातीच्या हत्येसारखी मानणाऱ्यांना हे हसणे शोभते काय? बाबूराव अर्नाळकर वाचताना आपण हा प्रश्न फारसा मनात येऊ दिला नाही. अँथनी बर्कली या इंग्रज लेखकाची १९२९ सालची 'द पॉयझन्ड चॉकलेट्स केस' ही कादंबरी मात्र तो विचारायला लावते, तेही हसवत हसवत.

लंडनच्या एका क्लबात सर युस्टेस या बदनाम गृहस्थाला टपालाने चॉकलेटचा डबा येतो. तो डबा दुसऱ्याला देऊन टाकतो. त्या दुसऱ्याची बायको चॉकलेटे खाऊन मरते. पोलीस थकतात. मग गुन्ह्यांची चर्चा करण्याची हौस असलेले सहा जण पाळीपाळीने उभे राहून आपापला खुनी सिद्ध करतात. एक बाई तर समोर बसलेल्या नामांकित वकिलालाच खुनी ठरवते. ब्रॅडली नावाचा रहस्यकथाकार खुनी कसा असावा याच्या अटी मांडतो, आणि त्या सगळ्या अटींत तो स्वतःच बसतो! कथेतला गुप्तहेर एका पुराव्यावरून एकच अनुमान काढतो ही लेखकाची हातचलाखी आहे, हेही तोच सांगून टाकतो. बर्कलीने हेच कथानक एका लघुकथेतही वापरले आहे. तिथे गुप्तहेर शेरिंगहॅमचे जे उत्तर खरे ठरते, तेच कादंबरीत चुकते. पुढे १९७९ साली क्रिस्टियाना ब्रँड या लेखिकेने याच खुनाचे आणखी एक उत्तर लिहिले.

सूरह हुजुरातमध्ये गुमानापासून दूर राहायला सांगितले आहे. त्याच आयतीत गीबतीची आणि तजस्सुसचीही मनाई आहे. 'जासूस' हा शब्द त्याच धातूचा! यावरून कुणी परहेजगार गृहस्थ रहस्यकथाच त्याज्य ठरवतील. मला ते पटत नाही. या पुस्तकात हसू होते ते गुमानाचेच. आधी माणूस ठरवला की पुरावा मागून कसा येतो, हे बर्कली सहा वेळा दाखवतो.

आपल्याकडे हा खेळ नव्हता. मालेगावच्या २००६ च्या स्फोटांनंतर नऊ मुसलमान तरुण पकडले गेले. पुढे राष्ट्रीय तपास यंत्रणेने त्याच स्फोटांसाठी वेगळेच आरोपी पुढे आणले. नऊ जणांना जामीन मिळाला २०११ साली. विशेष न्यायालयाने २०१६ साली आरोपमुक्त केले तेव्हा त्यांतला एक हयात नव्हता. हे ज्याला ठाऊक आहे, त्याला ब्रॅडलीच्या अटींचे हसू जरा जास्तच येते, आणि ते घशात अडकतेही.

एक गोष्ट खटकली. जोन बेंडिक्स ही मेलेली बाई त्या वादात हरवून जाते. तिच्या चारित्र्याबद्दलही तर्क लढवले जातात आणि उत्तर द्यायला ती नसते. ती पाने मी हसत वाचली नाहीत.