कॉकपिटखालच्या खुणा

विमानाचा प्लॅन टेबलावर पसरला की त्यात युद्ध कुठेच दिसत नाही. रिब आणि फॉर्मरच्या रेषा, पंखाखाली गुरुत्वमध्याची छोटी खूण, बस. वर पारदर्शक प्लास्टिक अंथरायचं, बाल्साच्या पट्ट्या टाचण्यांनी रेषांवर बसवायच्या, सुपरग्लूचा थेंब सोडायचा. तुम्ही हे केलं असेल तर ठाऊक असेल, अनेक आठवडे डोक्यात फक्त वजन असतं. शेपटीत चार ग्रॅम वाढले की नाकात त्याच्या कितीतरी पट शिसं भरावं लागतं.

मी नॅट बांधलं. टेडी पेटर यांनी इंग्लंडमध्ये आखलेलं, १९५५ साली प्रथम उडालेलं आणि पुढे भारतात हिंदुस्थान एरोनॉटिक्सने बांधलेलं लढाऊ विमान. खऱ्या नॅटच्या पंखांचा पसारा जेमतेम पावणेसात मीटर. चाकं अर्धवट खाली सोडली की तीच हवेतल्या ब्रेकचं काम करत. अशी युक्ती पाहून मन खूश होतं, आणि ती माणसं मारायच्या यंत्रातली आहे हे त्या क्षणी आठवतही नाही. (बायकोला आठवतं. ती गॅरेजला ‘दारूगोळा खातं’ म्हणते.)

अडलो तो रंगाशी. भारतीय वायुसेनेची वर्तुळं काढणार हे ठरलेलंच होतं. पण कॉकपिटखाली, पाडलेल्या विमानांच्या काढतात तशा, सेबर विमानांच्या छोट्या आकृत्या काढायच्या का? आमच्या मैदानावर लाहोरचे एक गृहस्थ येतात. ते सेबर उडवतात. माझ्या नॅटची चाकं आत जाईनात, तेव्हा तास-दोन तास माझ्या गॅरेजमध्ये गुडघ्यांवर बसून त्यांनीच ती दुरुस्त करून दिली होती.

‘खेळणंच तर आहे’ असं तुम्ही म्हणाल. मग पॅनेलची एकेक रेघ फोटोशी ताडून का काढतो आपण? अचूकतेसाठी इतिहास हवा आणि जाब विचारला की खेळणं, हे चालणार नाही. ‘घडलं तेच दाखवतोय’ हेही पुरेसं नाही. १४ डिसेंबर १९७१ला श्रीनगरवर निर्मलजितसिंग सेखों नॅट घेऊन सेबरांशी लढले आणि त्यात गेले. परमवीरचक्र मिळालेले वायुसेनेतले ते आजवरचे एकमेव. त्यांचं शौर्य मला दाखवायचंय. पण आकृत्यांत मोजली जाते ती समोरच्याची हार, कधी मरण. शिवाय १९६५मध्ये पाकिस्तानच्या हाती लागलेलं एक नॅट कराचीच्या संग्रहालयात उभं आहे. तिथल्या मुलाला तेच विमान वेगळा अभिमान शिकवतं.

सरळ लाल रंग देऊन ‘रेड ॲरोज’चं करावं, असंही मनात आलं. पण ती दोन आसनी नॅट होती, माझं एका आसनाचं. पळवाटसुद्धा चुकीच्या प्लॅनची!

शेवटी आकृत्या काढल्या नाहीत. गृहस्थांनी नाकावरून हात फिरवला आणि विचारलं, खुणा राहिल्या का? मुद्दामच काढल्या नाहीत, मी म्हणालो. ते काहीच बोलले नाहीत, बॅटरी लावायला वाकले.

तेव्हा मी त्यांच्या सेबरच्या कॉकपिटखाली नीट पाहिलं. तिथे खुणा आहेत. इतकी वर्षं होत्या, मी मोजल्या नव्हत्या. पुढच्या रविवारीही त्या तशाच होत्या, आणि माझं नाक कोरं असल्यामुळे मला त्या आता जास्तच टोचतात.