मोकळे हात

पौषातली पहाट होती. काशीत गंगेवर धुकं उतरलं होतं. पंचगंगा घाटावरून एक नाव निघाली. नावेत नावाड्याखेरीज दोनच माणसं होती. एक नागपूरकडचा व्यापारी आणि दुसरी ब्रह्माघाटाच्या गल्लीत राहणारी एक मराठी आजी. तिच्या घराच्या कित्येक पिढ्या काशीतच गेल्या होत्या.

व्यापारी दर हिवाळ्यात काशीला यायचा. पाखरांना खाऊ घातलं की पुण्य लागतं, अशी त्याची श्रद्धा होती. घाटावर शेवेच्या पुड्या मिळायच्या, त्या त्याने पिशवीभर घेतल्या. पायऱ्या उतरताना माकडांनी त्यातली एक हिसकावून नेली, तरी पिशवी जडच होती. आजीच्या हातात काही नव्हतं.

नाव पात्रात आली तशी नावाड्याने हाळी दिली, "आओ, आओ!" व्यापाऱ्याने मूठभर शेव उधळली. बघता बघता पांढऱ्या पाखरांचा थवा नावेवर घिरट्या घालू लागला. व्यापारी पुडीमागून पुडी फोडत राहिला. रिकाम्या पुड्या वाऱ्याने पाण्यात जात होत्या, तिकडे त्याचं लक्ष नव्हतं.

शेवटची पुडी संपली. शेजारच्या नावेतून हाळी आली आणि सगळा थवा तिकडे वळला.

व्यापारी खट्टू झाला. "आजी, एवढं दिलं, पण एकही पाखरू थांबलं नाही."

आजीने विचारलं, "किती जातींची पाखरं होती रे?"

"जाती? सगळी एकसारखी पांढरीच होती की. इथले लोक सायबेरियन म्हणतात त्यांना."

"दोन जातींचे कुरव होते. लहान तो काळ्या डोक्याचा, मोठा तो तपकिरी डोक्याचा. थंडीत दोघांचीही डोकी पांढरी होतात, कानाजवळ गडद ठिपका तेवढा उरतो. मोठ्याचा डोळा फिकट असतो, लहानाचा काळा. फाल्गुनाकडे डोकी पुन्हा रंगू लागतात आणि पाखरं परत निघतात. मोठे तिबेटच्या पठारावरच्या सरोवरांकाठी घरटी करतात."

व्यापारी काही बोलला नाही. नावाड्याने आजीकडे पाहिलं आणि नाव पलीकडच्या रेतीकडे वळवली.

तिथे कुरव निवांत बसले होते. काही पाण्यावर झेपावून बारीक मासे उचलत होते. काही काठच्या चिखलात किडे टिपत होते. त्यांना कुणी हाळी दिली नव्हती. व्यापारी बराच वेळ पाहत राहिला. हळूहळू त्याला कानाजवळचा ठिपका दिसला, मग फिकट डोळाही दिसला.

"यांचं यांना मिळतं तर," तो म्हणाला.

"मिळतं ना. लहान कुरव म्हणजे पाव किलोच्या आसपासचा जीव. तळलेल्या शेवेने त्याचं पोट भरतं, पण माशातलं बळ शेवेत कुठलं? आणि जायचं असतं लांब."

"मग मी यांना काय देऊ, आजी?"

आजीने पाण्याकडे बोट केलं. एक रिकामी पुडी तरंगत येत होती. व्यापाऱ्याने वाकून ती उचलली. नावाडी सावकाश वल्हवू लागला. परतीच्या वाटेवर व्यापाऱ्याने आपल्या पुड्या वेचल्या, इतरांच्याही वेचल्या. घाटाला लागेपर्यंत पिशवी पुन्हा भरली होती.

तो पुढेही दर हिवाळ्यात येत राहिला. पुडीवाल्याने हाक मारली की हात जोडायचा आणि मोकळ्या हातांनी नावेत बसायचा. एका वर्षी तो मुद्दाम फाल्गुनापर्यंत राहिला आणि पाखरांची डोकी रंगताना त्याने डोळे भरून पाहिली.

हात उदार असला तरी नजर आपल्याच पुण्याकडे असेल, तर दान चुकीच्या जागी पडतं. ज्याला द्यायचं, त्याला आधी नीट पाहावं. त्याची भूक कसली आहे, ते ओळखावं. कधी असंही कळतं की त्याला आपल्याकडून काहीच नको आहे, त्याचं पाणी आपण घाण केलं नाही म्हणजे पुरे. तेवढं सांभाळणं हेही दानच आहे.